खोली नंबर सात बोलावतेय!

१८९६ च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईत उतरला, तेव्हा वॉटसन्स हॉटेल म्हणजे शहरातला मोठा थाट. अख्खा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतलेला, जहाजानं आणून आजच्या काळा घोड्यापाशी उभा केलेला, १८७१ पासून पाहुण्यांच्या सेवेत. ट्वेनला खोकला झाला होता. रात्री नऊच्या सुमाराला तो आडवा झाला, आणि हॉटेलनं त्याला मध्यरात्रीपर्यंत डोळा लागू दिला नाही. नोकर मंडळी ऑर्डरी आणि निरोप तीन मजले खाली चक्क ओरडून पोचवत होती. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात तो हा कल्लोळ असा रंगवतो, की वाचणाऱ्याला वाटावं हॉटेलात गदर झाला. पहाटे पाचला कावळे सुरू झाले ते वेगळेच.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या भारी हॉटेलात पाहुणा भिंतीवरच्या तबकडीचा काटा फिरवत होता, बटण दाबत होता, आणि तोंडातून एक शब्दही न काढता खाली कळत होतं, की याला दारू हवी आहे की डॉक्टर.

आखाडा बाळापूरच्या माणसाला यातलं पहिलं चित्र जास्त ओळखीचं वाटेल. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या आपल्या गावात हॉटेल म्हणजे चहा-भजी, मुक्काम करायचा तर लॉज, आणि दोन्हीकडे बोलावण्याची रीत एकच: “ए बारक्या!” तरीही बटणाची ही गोष्ट बाळापूरपर्यंत येते. कल्हईवाल्याच्या पोतडीतून येते, एसटीच्या दोरीवरून येते.

वाजली, पण कुणाची?

बोलावण्यासाठी आवाज करणं कधीच अवघड नव्हतं. युरोपातल्या बड्या घरांमध्ये अठराव्या शतकापासून दिवाणखान्यातली दोरी ओढली, की भिंतीतून नेलेली तार ताणली जायची आणि तळघरात स्प्रिंगवर टांगलेली घंटा डुलायची. प्रत्येक दालनाची घंटा वेगळी, पुष्कळदा आवाजही वेगळा. मुरलेला नोकर आवाजावरूनच ओळखायचा, बाईसाहेब आहेत की थोरले मालक. ओळखू आलं नाही तरी घंटा वाजून गेल्यावर स्प्रिंगवर थोडा वेळ हलत राहायची. तेवढ्यात मान वर करून बघितलं की झालं.

दहा-वीस दालनांपर्यंत हे ठीक. हॉटेलाला शंभर-दीडशे खोल्या असल्या म्हणजे? शंभर घंटांची भिंत, त्यातल्या पाच एकदम डुलताहेत, आणि खाली उभा पोऱ्या अकरा नंबरला जाऊ की एकोणीसला या विवंचनेत. त्यात तारा. प्रत्येक वळणावर त्यांना कोनाची पट्टी लागायची, त्या गंजायच्या, ढिल्या पडायच्या, तुटायच्या. वीस खोल्यांपलीकडच्या पाहुण्यानं दोरी ओढली तर निम्मा जोर वाटेतच संपायचा.

बॉस्टनचं ट्रेमाँट हाउस १८२९ मध्ये उघडलं, तेव्हा खोलीला कुलूप आणि पाहुण्याला साबणाची वडी हीच बातमी होती. घंटांच्या रांगेऐवजी कोणत्या खोलीतून बोलावणं आलं ते दाखवणारी यांत्रिक सोय तिथे होती, असं हॉटेलांच्या इतिहासात सांगतात. म्हणजे खरी अडचण काय आहे हे मालकांना तेव्हाच उमगलं होतं. हॉटेलच्या बेलचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या एका ‘कुणाची?’ची खटपट आहे, असं माझं मत.

शाळामास्तरांनी पेटंट घेतलंच नाही

विजेनं घंटा वाजवून दाखवली ती जोसेफ हेन्री यांनी, १८३१ मध्ये. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावात ते शिकवायचे. वर्गाच्या भिंतींभोवती त्यांनी सुमारे मैलभर तार गुंडाळली, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबक आणि त्याच्यापुढे फिरू शकणारा पोलादी लोहचुंबक. प्रवाह सोडला की लोहचुंबक झटक्यानं वळायचा आणि शेजारच्या घंटेवर आपटायचा. टण! पोरं खूश. पेटंट मात्र गुरुजींनी घेतलं नाही. पुढे ते स्मिथसोनियन या प्रसिद्ध संस्थेचे पहिले प्रमुख झाले.

हेन्रींची घंटा एकदा दाबलं की एकदाच वाजायची. आपल्या ओळखीची ‘ट्रर्र्र्र’ यायला आणखी एक युक्ती लागली. फ्रँकफर्टच्या योहान वाग्नर यांच्या नावानं ती ‘वाग्नरचा हातोडा’ म्हणून १८३० च्या दशकापासून ओळखली जाते. युक्ती अशी, की विद्युतचुंबक ज्या लोखंडी पट्टीला ओढतो, तिच्यातूनच त्याचा स्वतःचा प्रवाह जातो. प्रवाह आला, चुंबकानं पट्टी ओढली, पट्टीच्या टोकाची गोळी घंटेवर आदळली. पण पट्टी ओढली गेल्यामुळे तिचा स्क्रूशी असलेला संपर्क सुटला, प्रवाह बंद, चुंबक मेला, स्प्रिंगनं पट्टी मागे आली, पुन्हा संपर्क, पुन्हा प्रवाह. बोट बटणावर आहे तोवर हा खो-खो चालू. स्वतःचं कनेक्शन स्वतःच तोडून पुन्हा जोडणारं यंत्र म्हटलं तर आपल्याकडे लोकांना दुसरंच काही आठवेल, पण तो विषय महावितरणचा.

प्रत्येक तुटीला एक बारीक ठिणगी उडते आणि संपर्काचं टोक जळत जातं. म्हणून चांगल्या घंटांच्या त्या टोकाला चक्क प्लॅटिनमचा ठिपका असायचा. जुन्या बाजारातून विलायती घंटा हाती लागलीच तर भंगारात घालण्याआधी स्क्रूचं टोक बघून घ्या.

नवसागर: कल्हई, हातभट्टी आणि बेल

आता गंमत. विजेच्या घंटा विजेच्या दिव्यांच्या आधी आल्या. एडिसननं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून गिऱ्हाइकांना वीज द्यायला सुरुवात केली १८८२ मध्ये. तोवर हॉटेलात आणि श्रीमंतांच्या घरात बेल वाजत होत्याच. खांबावरून तार येत नव्हती, मीटर नव्हता, बिल नव्हतं. मग वीज कुठली?

ती होती कपाटात. काचेच्या चौकोनी बरण्यांची रांग, आणि प्रत्येक बरणीत नवसागराचं पाणी. होय, तोच नवसागर. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकून पांढरा धूर काढतो तो. हातभट्टीवरच्या धाडीच्या बातमीत काळ्या गुळाच्या जोडीनं ज्याचं नाव छापून येतं तोही हाच. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये त्याचा घट बनवला. बरणीच्या कोपऱ्यात जस्ताची कांडी. मधोमध झिरपणारं मातीचं भांडं. त्यात कार्बनची पट्टी आणि तिच्याभोवती दाबून भरलेली मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी. एका घटातून दीड व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. असे दोन-चार घट जोडले की बेल खणखणीत.

या घटाचा स्वभाव नांगराच्या बैलासारखा. सलग जुंपलात तर थकून बसतो, कारण कार्बनपाशी हायड्रोजन जमतो आणि प्रवाहाचा जोर ओसरतो. थोडी उसंत दिलीत की मँगनीज तो हायड्रोजन गिळून टाकतं आणि घट ताजातवाना. दिवा पेटवायला असलं जनावर कुचकामी. बेलला मात्र याहून योग्य दुसरं काही नाही, कारण बेल दिवसातून मोजके क्षण वाजते आणि उरलेला वेळ आराम. देखभाल म्हणाल तर अधूनमधून पाणी घालायचं, जस्त खरवडायचं, नवसागर संपला तर टाकायचा. मराठवाड्यात बारा-बारा तास भारनियमन चालायचं त्या दिवसांत ही बरणी घराघरात असती तर पंखा बंद पडला असता, बेल नाही.

१८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गास्नर यांनी पाण्याऐवजी ओलसर लगदा वापरला, जस्ताची कांडी काढून जस्ताचाच डबा केला, आणि झाला कोरडा सेल. आपल्या बाप-आज्यांच्या टॉर्चमध्ये आणि ट्रान्झिस्टरमध्ये असायचा तोच. त्यातल्या काळ्या भुकटीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे: भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीच्या कारखान्यांना जातं. म्हणजे टॉर्चचा सेल फोडून लहानपणी हात काळे केले असतील, तर त्यातलं काही विदर्भातलं असण्याची दाट शक्यता.

पडदा पडला, म्हणजे खेळ सुरू

आता परत ‘कुणाची?’कडे. विजेनं हे कोडं फार देखणं सोडवलं. मॅनेजरच्या मागे लाकडी चौकटीचा, काचेचा बोर्ड. त्यावर खोल्यांच्या नंबरांच्या खिडक्या. सात नंबरच्या पाहुण्यानं बटण दाबलं की बोर्डाची एकच घंटा वाजते आणि सात नंबरच्या मागचा छोटा विद्युतचुंबक एक खिटी उचलतो. खिटी सुटली की बारकी पत्र्याची झडप स्वतःच्या वजनानं खाली पडते आणि ‘७’ दिसू लागतो. बोट बटणावरून काढलं तरी झडप तशीच पडलेली. पोऱ्या बाहेर गेला असेल, मॅनेजर जेवायला बसला असेल, तरी सात नंबर बोलावतोय ही नोंद हलत नाही. कुणीतरी हातानं झडप वर करेपर्यंत ती पुरावा म्हणून उभी. ‘मी बेल वाजवली होती’ आणि ‘आम्हाला ऐकूच आली नाही’ हा वाद मिटवणारं हे पहिलं यंत्र असावं.

इंग्रजांना दुसरा प्रकार आवडायचा: झडपेऐवजी लोलक. बटण दाबलं की त्या खोलीची छोटी पताका डुलायला लागते आणि काही वेळानं आपली आपण थांबते. वर करायची भानगड नाही. पण तेवढ्या वेळात बोर्डाकडे बघितलं नाही, तर पताका शहाण्यासारखी स्थिर, आणि पाहुणा उपाशी. घरात लोलक ठीक. हॉटेलात मी झडपच लावीन.

पाहुण्याच्या बाजूलाही नखरे कमी नव्हते. बटणं हस्तिदंताची, चिनी मातीची, शिसवीची. पलंगावर लोंबणारी पेरूच्या आकाराची एक खास कळ असायची, बुडाला बटण. झोपल्या झोपल्या दाबता यावी म्हणून. वायरीला सुती दोऱ्याचं दुहेरी वेष्टण, त्यावर मेण. काही हॉटेलांनी बोर्ड दोन्ही बाजूंनी बोलका केला: मॅनेजरही खाली बसून खोलीतली घंटा वाजवू शकायचा. पहाटेची गाडी पकडायची असलेल्या पाहुण्याला उठवायला याहून बरं काय?

एकदा वेटर, दोनदा बाई, तीनदा हमाल

‘कुणाची?’ सुटल्यावर ‘काय पाहिजे?’ उभं राहिलं. पोऱ्यानं तीन जिने चढून वर जायचं, पाहुण्यानं ‘पाणी’ म्हणायचं, पोऱ्यानं खाली यायचं, पाणी घेऊन परत वर. एका ग्लासासाठी चार फेऱ्या. म्हणून खोलीत छापील पाट्या आल्या. युरोपात बहुधा: एकदा दाबाल तर वेटर, दोनदा दाबाल तर खोली आवरणारी बाई, तीनदा दाबाल तर हमाल. अमेरिकेत त्यात बर्फाच्या पाण्याचा स्वतंत्र हक्क, कारण तिथल्या पाहुण्याला तेच आधी लागायचं. एकदा दाबताना बोट थरथरलं की पाण्याऐवजी केरसुणी येणार, हे ओघानं आलं.

नाना देशांच्या प्रवाशांना पाटी वाचता येईना, तेव्हा युरोपात तीन बटणं आणि त्यांवर तीन चित्रं आली: तबक घेतलेला माणूस, झाडणीवाली बाई, बॅग उचललेला हमाल. रात्री-अपरात्री घंटांनी झोपमोड होते म्हणून पुढे दारांवर रंगीत दिवे लागले. विमानतळावर आणि रेल्वे स्टेशनवर चित्रांच्या पाट्या आल्या, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट.

याच काळात खोलीत विजेचा दिवा नवा होता, आणि बिचाऱ्या पाहुण्याला भिंतीवरची कुठली कळ कशाची हे कळत नसे. एडिसनच्या दिव्यांच्या खोल्यांत तर पाटी असायची, की हा दिवा काडी ओढून पेटवायचा प्रयत्न करू नये.

तबकडीवर शॅम्पेन

या सगळ्यावरचा कळस म्हणजे टेलिसीम. न्यूयॉर्कच्या एफ. बेनेडिक्ट हर्झोग यांचं डोकं. खोलीत एक गोल तबकडी, तिच्यावर बारीक अक्षरात मागण्यांची यादी, शंभराच्या घरात: तऱ्हेतऱ्हेच्या दारू, खाणं, वर्तमानपत्र, गरम पाणी, घोडागाडी, डॉक्टर. काटा हव्या त्या शब्दावर आणायचा, बटण दाबायचं. खाली नोकराच्या खोलीतल्या जोड-तबकडीवर तोच शब्द उमटायचा. पॅरिसपर्यंत ही चैन पोचली.

आज बघितलं तर हे रेस्टॉरंटमधल्या टॅबलेटचे पणजोबा. तरी ते टिकलं नाही. टेलिफोन आला. न्यूयॉर्कच्या हॉटेल नेदरलँडमध्ये १८९४ मध्ये खोलीखोलीत फोन बसले. असं करणारं ते पहिलं हॉटेल समजलं जातं. शंभर मागण्या कितीही हुशारीनं छापा, पाहुण्याला एकशे एकावी सुचतेच. ‘अंडं उकडा, पण कालच्यासारखं नको’ हे कुठल्या तबकडीवर छापणार?

मग मुंबईत ओरडाआरडा का?

तंत्र नव्हतं म्हणून नव्हे. तारायंत्र हिंदुस्थानात १८५० च्या आसपासच आलं होतं. मुंबईत टेलिफोन केंद्र २८ जानेवारी १८८२ ला सुरू झालं. त्याच वर्षी क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. दिवे लावणारी कंपनी वर्षभरात बुडाली हा भाग निराळा. (ताजमहाल हॉटेल ही विजेचे दिवे लागलेली मुंबईतली पहिली इमारत, असं जागोजागी लिहिलेलं सापडतं. भाजीबाजाराचा मान कुणी हिरावून घेऊ नये एवढंच म्हणतो.)

खरं कारण पगाराच्या वहीत होतं. अमेरिकेत माणूस महाग, तार स्वस्त. म्हणून माणसाच्या फेऱ्या वाचवायला बोर्ड. इथे तार महाग, माणूस कवडीमोल. हॉटेलं नोकर ठेवायची ती ठेवायचीच, वर गोरा प्रवासी स्वतःचा बेअरर, म्हणजे खासगी नोकर, सोबत घेऊन फिरायचा. ट्वेननंही मुंबईत एक माणूस नेमला, तो जमला नाही म्हणून दुसरा नेमला, आणि त्याचं नाव ठेवलं ‘सैतान’. बेअरर साहेबाच्या दाराबाहेर व्हरांड्यात झोपायचा. दाराला माणूसच टेकलेला असताना भिंतीत बटण कशाला? साहेबानं “कोई है?” म्हटलं की कुणीतरी असायचंच. कलकत्त्याकडच्या गोऱ्यांना त्या हाकेवरूनच ‘क्वाय-हाय’ असं टोपणनाव पडलं होतं, आणि मुंबईकर गोऱ्यांना बोंबलावरून, म्हणजे ‘बॉम्बे डक’वरून, ‘डक’.

या स्वस्ताईचं दुसरं टोकही ट्वेननंच नोंदवलंय. त्याच हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसानं काम मनासारखं झालं नाही म्हणून नोकराच्या थोबाडीत दिली आणि मग काय चुकलं ते सांगितलं. ट्वेनला अमेरिकेच्या दक्षिणेतलं आपलं गुलामगिरीच्या काळातलं बालपण तिथल्या तिथे आठवलं. बटणाच्या टोकाला असलेल्या माणसाला पाहुण्याचा हात पोचत नाही, हा विजेच्या घंटेचा एक फायदा कुठल्याच जाहिरातीत छापलेला नव्हता.

पुढे १६ डिसेंबर १९०३ ला जमशेटजी टाटांचं ताज उघडलं, ते मात्र यंत्रांच्या हौसेनंच: अमेरिकेचे पंखे, जर्मनीच्या लिफ्ट, तुर्की पद्धतीची स्नानगृहं, बर्फाचा स्वतःचा कारखाना. पहिल्या दिवशी पाहुणे होते १७. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्य मध्येच वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. शहराची ट्राम विजेवर धावायला अजून साडेतीन वर्षं होती, ती धावली ७ मे १९०७ ला.

सामान्य मुंबईकराची खानावळ नि इराणी मात्र गळ्यावरच चालले. वेटर गल्ल्याकडे ओरडणार, “टोपीवाले काका, साडेतीन आणे!” यात कोण आणि किती हे दोन्ही निरोप एका दमात. झडपेच्या बोर्डाला एवढं कधी जमलं नाही.

आणि आमच्या निजामाकडे?

बाळापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे राजधानी मुंबई नव्हे, हैदराबाद. तिथे फलकनुमा राजवाड्यात एका टेबलावर १०१ माणसं जेवायला बसतात. टेबलाच्या एका टोकाच्या पाहुण्यानं दुसऱ्या टोकाला मीठ मागायचं ठरवलं तर हाकेवर भागणं कठीण. राजवाड्याचा भलामोठा विजेचा स्विचबोर्ड आजही पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. २०१० पासून तो राजवाडाच ताज समूहाचं हॉटेल आहे. पैसे मोजले तर बाळापूरकरही तिथे बटण दाबू शकतो. मोजताना मात्र हळदीचा हंगाम बरा गेलेला असावा.

डबल बेल!

हॉटेलची बेल बाळापूरकरांनी वापरली नसेल, पण तिची सांकेतिक भाषा प्रत्येकाला येते. एक टोला: थांब. दोन टोले: चल. एसटीच्या छताखालून गेलेली दोरी, मास्तरच्या हातात तिचं एक टोक आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटा. अठराव्या शतकातल्या हवेलीची ओढ-दोरी आणि हॉटेलची एकदा-दोनदाची पाटी यांचा हा संकर लाल डब्यात कित्येक वर्षं बिनबोभाट चालला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. आपल्याकडे तेव्हा निजामाच्या रोड ट्रान्सपोर्टच्या गाड्या होत्या, त्या तर १९३२ पासूनच्या. दोरीला वीज लागत नाही, सेल लागत नाही, आणि वारंगा फाट्याला उतरणारा प्रवासी मास्तरच्या आधी स्वतःच ती ओढतो.

साहेबांची बेल

हॉटेलांनी सोडलेली बेल कचेऱ्यांनी मात्र प्राणपणानं जपली. साहेबांच्या टेबलाच्या कडेला खालच्या अंगाला एक बटण. बाहेर स्टुलावर शिपाई. दारावर लाल दिवा. या यंत्रणेत ‘कुणाची?’ हा प्रश्न येत नाही, कारण साहेब एकच. ‘काय पाहिजे?’चं उत्तरही बहुधा चहाच. तरीही बेल वाजण्याच्या तऱ्हेवरून साहेबांचा मूड ओळखणारे शिपाई असतात: छोटा टोला म्हणजे फाईल, लांबलचक ट्रर्र म्हणजे कुणाचं तरी काही खरं नाही.

घरच्या बेलनं तर वेगळीच वाट धरली. तिथे चिमणी चिवचिवते, आरती सुरू होते, नाहीतर एक बाई हिंदीत दरवाजा उघडायची विनंती करते, आणि ती संपेपर्यंत पाहुणा आत येऊन पाणी पिऊन झालेला असतो.

बेलची इतर पोरं

थोडक्यात उरकतो. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये दार-खिडकी उघडली की वाजणाऱ्या विजेच्या घंटेचं पेटंट घेतलं. तो चोरघंटेचा जन्म. सुरुवातीच्या टेलिफोन केंद्रांत कुणाचा फोन आला हे दाखवायला हॉटेलच्याच पडत्या झडपा वापरल्या. जुन्या लिफ्टमध्ये कुठल्या मजल्यावर माणूस ताटकळतोय हे लिफ्टमनला त्याच तऱ्हेच्या बोर्डानं समजायचं. दवाखान्यात पलंगाशी लोंबणारी नर्सला बोलवायची कळ म्हणजे हॉटेलातल्या त्या पेरूची सख्खी नात.

बाळापुरात करून बघा

विद्युत घंटा शाळेच्या विज्ञानात शिकवतातच; बोर्ड कुणी करत नाही, म्हणून तोच करावा. चुंबकासाठी वायर विकत घेऊ नका. बाळापूरसारख्या बाजाराच्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान असतंच, कारण विहिरीवरच्या मोटारी जळायच्या थांबत नाहीत. तिथून मुलामा दिलेल्या तांब्याच्या बारीक वायरीचे तुकडे मागा. मात्र मुलामा जळून काळी पडलेली वायर नको, वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात. जाड लोखंडी खिळ्यावर शंभर-दीडशे वेढे घ्या, दोन्ही टोकं घासून लख्ख करा, दोन टॉर्चचे सेल जोडा. खिळा टाचणी उचलायला लागला की चुंबक तयार.

आता काडेपेटीच्या पुठ्ठ्याची झडप कापा, तिच्यावर खोलीचा नंबर घाला, आणि डब्याच्या पत्र्याची हलकी खिटी करून तिनं झडप अडवून धरा, अशी की खिळ्यानं ओढलं की खिटी सुटावी. खिळा पोलादी नको, साधा मऊ लोखंडी घ्या. पोलाद प्रवाह गेल्यावरही थोडं चुंबकत्व धरून बसतं आणि खिटी सोडतच नाही. एक झडप नीट पडायला लागली की बाकीच्या तिच्याबरहुकूम.

प्रत्येक खोलीला दोन वायरी लागतील असं वाटतं, तिथेच पैसे वाया जातात. सगळ्या खोल्यांच्या बटणांना बॅटरीकडून एकच सामाईक वायर फिरवायची आणि प्रत्येक बटणापासून आपापल्या झडपेपर्यंत एकेक वायर न्यायची. झडपांची दुसरी टोकं एकत्र बांधून बॅटरीच्या उरलेल्या टोकाला. दहा खोल्यांचा बोर्ड असेल तर बोर्डाकडे अकरा वायरी जातात, वीस नव्हे. दुकानदार वीस वायरींचा हिशेब मांडायला लागला तर त्याला हा कागद दाखवा.